पाचव्यावरून तिसऱ्यात

डेन्व्हरहून पश्चिमेला निघालं की आय-७० महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत चढतच जातो. बोगद्याचं पूर्वेकडचं तोंड ११,०१३ फुटांवर, पश्चिमेकडचं ११,१५८ फुटांवर, आणि वाटेत ७ टक्क्यांपर्यंतचा चढ. या रस्त्यावर पेट्रोलवर चालणारं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, आवाजावरून ओळखू येतं. ताशी ६० मैलांनी गाडी निवांत चाललेली असते, चढ लागतो, वेग दोन-तीन मैलांनी उतरतो आणि एकाएकी इंजिन किंचाळायला लागतं. आतल्यांच्या गप्पा थांबतात, डॅशबोर्डखालून गरम हवा पायाशी येते. चालक घाबरून पाय जरा सैल करतो, गिअर वर चढतो, वेग आणखी पडतो, की पुन्हा तोच आकांत.

हा आकांत बहुतेक वेळा फोर्डच्या ट्रायटन व्ही-१० इंजिनाचा असतो. अमेरिकेतली बसच्या आकाराची पेट्रोल मोटरहोम्स गेली कित्येक वर्षं प्रामुख्याने फोर्डच्या एफ-५३ या चासीवर बांधली जातात. फोर्ड फक्त सांगाडा देते: चासी, इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल. त्यावर घर चढवतो तो दुसराच कारखाना. इंजिन ६.८ लिटरचं, दहा सिलेंडरचं. आधी दर सिलेंडरला दोन व्हॉल्व्ह होते, मग तीन आले. तीन व्हॉल्व्हवालं इंजिन ४,७५० आरपीएमला (मिनिटाला तेवढे फेरे) ३६२ हॉर्सपॉवर आणि ३,२५० आरपीएमला ४५७ पाउंड-फूट टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतं. सोबत पाच गिअरचा टॉर्कशिफ्ट ऑटोमॅटिक. २०१६ च्या मॉडेलपासून सहा गिअर आले आणि पुढे व्ही-१० जाऊन ७.३ लिटरचं व्ही-८ आलं, ज्याला हौशी मंडळी गॉडझिला म्हणतात. पण रस्त्यावर जुनी व्ही-१० मोटरहोम्स अजून भरपूर आहेत, आणि ट्यूनिंगची, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलून देण्याची, सगळी बाजारपेठ त्यांच्याच भोवती वाढली आहे.

या बाजारपेठेत विकली जाते ती हॉर्सपॉवर. जाहिरातीत डायनोचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, आलेख असतो, त्यात खाली एक रेघ, वर दुसरी, आणि मधली जागा रंगवलेली. माझ्या मते आलेखच चुकीच्या गोष्टीचा काढलेला असतो. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात निव्वळ सॉफ्टवेअर बदलून शंभराला पाच-सात हॉर्सपॉवर वाढली तरी पुष्कळ. पैसे वसूल होतात ते गिअरबॉक्सच्या तक्त्यात.

गणित मांडूनच बघू. मागच्या एक्सलचं प्रमाण ५.३८ आणि चाकं २२.५ इंची, म्हणजे मैलाला साधारण ५५६ फेरे. ताशी ६० मैलांना पाचव्या गिअरमध्ये, ०.७१ च्या प्रमाणाने, इंजिन सुमारे २,१२५ आरपीएमवर फिरतं. चौथा गिअर सरळ १.०० चा, तिथे २,९९०. तिसऱ्याचं प्रमाण १.५५, म्हणजे ४,६३५. आता हे तीन आकडे टॉर्कच्या शिखराशी, ३,२५० शी, ताडून बघा. पाचव्यात इंजिन दमानं चाललेलं पण अशक्त. चौथ्यात जवळजवळ शिखरावर. तिसऱ्यात शिखर मागे टाकून ताकदीच्या टोकाला पोचलेलं, आणि कानठळ्या बसवणारं. मूळ प्रोग्रॅम पाचव्याला फार वेळ चिकटून राहतो, टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडणाऱ्या भागाचं) लॉक सोडून तेल घुसळत बसतो, आणि नाइलाज झाला की चौथ्यावर धड न टेकता तिसऱ्यात उडी मारतो. चांगला ट्यून नेमकी उलट सवय लावतो: पाचवा लवकर सोड, चौथ्यात जा, लॉक धर आणि तिथेच रहा.

हे कुठे उपयोगी पडतं आणि कुठे नाही, तेही आकड्यांत दिसतं. २२,००० पाउंडांची गाडी ३ टक्के चढावर ताशी ६० मैलांनी न्यायची, तर चढ, टायरचं घर्षण आणि हवा मिळून इंजिनाकडून ढोबळमानाने २३५ हॉर्सपॉवर लागते. चौथ्यात २,९९० आरपीएमला ४५० पाउंड-फूट धरले तर २५५ मिळते. म्हणजे भागतं. असे लांबलचक, सौम्य चढ आणि समोरून येणारं वारं हेच मोटरहोमचं रोजचं दुखणं असतं, आणि तिथे ट्यून केलेली गाडी खरोखर वेगळी चालते. तीच गाडी ६ टक्क्यांच्या चढावर ताशी ६० मैलांनी न्यायला सुमारे ३६० हॉर्सपॉवर लागते. म्हणजे इंजिनात आहे तेवढी सगळी, तीही समुद्रसपाटीला. उंचीवर हवा विरळ होते आणि टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे साधारण ३ टक्के ताकद गमावतं. ८,००० फुटांवर ३६२ चे उरतात २७५. तिथे ट्यूनने पंधरा-वीस हॉर्सपॉवर आणली तरी ताशी दोन मैल वाढतील, फार तर तीन. कॅलिफोर्नियातल्या ग्रेपवाइनचा चढ असो की ओरेगॉनचा कॅबेज हिल, ६ टक्के चढावर भरलेलं मोटरहोम तिसऱ्या गिअरमध्ये ३,५०० आरपीएमवर ताशी ४५ मैलांनी चढणार. खंडाळ्याच्या घाटात भरलेल्या ट्रकमागे अडकलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. उजवी लेन धरायची, हॅझर्ड लावायचा, आणि इंजिनाला ओरडू द्यायचं. ३,५०० आरपीएम या इंजिनाला मुळीच जड नाही. पाचव्यात दीड हजारावर रेटणं त्याहून कितीतरी वाईट.

ट्यूनचा दुसरा भाग ॲक्सिलरेटरचा. तीन व्हॉल्व्हच्या व्ही-१० ला थ्रॉटलची केबल नाही. पेडलखालचा सेन्सर कॉम्प्युटरला आकडा देतो, आणि थ्रॉटल किती उघडायचा ते कॉम्प्युटर ठरवतो. मूळ तक्ता मऊ ठेवलेला असतो: अर्धं पेडल दाबलं तरी अर्धं मागणं पोचत नाही. मग चालक आणखी दाबतो, कॉम्प्युटरला वाटतं याला घाई आहे, आणि तो गिअर उतरवतो. ट्यूनर हा तक्ता सरळ करतो. पहिल्या मैलातच ‘गाडी हलकी झाली’ असं वाटतं ते यामुळेच, ताकद वाढली म्हणून नव्हे. पेडलच्या पुढे लावायच्या छोट्या पेट्या स्वतंत्र मिळतात, त्या एवढंच काम करतात. गिअरच्या तक्त्याला त्या हात लावत नाहीत, त्यामुळे मोटरहोममध्ये त्या अर्धवट औषध ठरतात. आधीच्या दोन व्हॉल्व्हच्या गाड्यांत चार गिअरचा बॉक्स आहे, तिथे करण्यासारखं मुळातच कमी उरतं.

तिसरा भाग स्पार्कचा, म्हणजे ठिणगी किती अंश आधी टाकायची याचा. खरी हॉर्सपॉवर इथून येते आणि धोकाही इथेच आहे. ट्यून मागवताना ८७ ऑक्टेनचा हवा की ९१ चा, असं विचारतात. अमेरिकेतल्या पंपावरचा आकडा दोन पद्धतींची सरासरी असतो. तिथलं ८७ म्हणजे आपल्याकडच्या पद्धतीने मोजलेल्या ९१ ऑक्टेनच्या जवळपास. ९१ चा ट्यून घेतला की दर वेळी महाग पेट्रोल भरणं आलं, आणि गॅलनला सात-आठ मैल जाणाऱ्या गाडीच्या ७५-८० गॅलनच्या टाकीत ते चांगलंच बोचतं. ८७ चा घ्या. मात्र कोलोरॅडो आणि आसपासच्या डोंगराळ राज्यांत सगळ्यात स्वस्त नोझल ८५ चं असतं. विरळ हवेत सिलेंडरमधला दाब कमी, म्हणून ते तिथे खपून जातं. तेच पेट्रोल टाकीत घेऊन ॲरिझोनाच्या उन्हात उतरलात आणि पुन्हा चढ लागला, की इंजिन ठोकायला लागतं. नॉक सेन्सर स्पार्क मागे घेतो, आणि पैसे मोजून आणलेली ताकद मुकाट्याने परत जाते. ट्यून केलेल्या गाडीत ८५ भरायचंच नाही.

मायलेज वाढतं का, हा प्रश्न हमखास येतो. साडेसातचं ७.८ झालं असं धरू. दहा हजार मैलांना १,३३३ गॅलनऐवजी १,२८२. वाचले ५१ गॅलन. एवढ्यासाठी चारशे-सहाशे डॉलर खर्च करायचे असतील तर नका करू. गाडी चालवायला बरी वाटावी म्हणून करायचे असतील तर जरूर करा.

आता त्याआधीची कामं. ट्यून निरोगी इंजिनासाठी लिहिलेला असतो, आणि वीस वर्षांचं मोटरहोम क्वचितच निरोगी असतं. वर्षातले दहा महिने ते उभं असतं, उंदीर वायरी कुरतडतात, पेट्रोल शिळं होतं.

पहिली तपासणी एग्झॉस्ट मॅनिफोल्डची, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पहिल्या नळ्यांची. व्ही-१० मध्ये मॅनिफोल्ड धरून ठेवणारे स्टड गंजून तुटतात, हा या इंजिनाचा जुना रोग. सकाळी थंड इंजिन चालू करून पुढच्या चाकांच्या कमानीपाशी कान द्यायचा. टिक-टिक-टिक असा आवाज येतो आणि इंजिन तापलं की नाहीसा होतो, कारण धातू फुगून फट बुजते. अनेक जण हा आवाज व्हॉल्व्हचा समजून सोडून देतात. त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, ऑक्सिजन सेन्सरला ती दिसते, मिश्रण पातळ आहे असं कॉम्प्युटरला वाटतं आणि तो पेट्रोल वाढवतो. स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटरने पेट्रोलमध्ये केलेली टक्केवारीतली दुरुस्ती, त्या बाजूला १० च्या वर दिसली आणि दुसरी बाजू शून्याच्या आसपास असली, तर संशय पक्का. असा गळका मॅनिफोल्ड ठेवून ट्यून टाकणं म्हणजे खोट्या आकड्यांवर नवा हिशेब मांडणं. स्टड बदलायला मॅनिफोल्ड उतरवावाच लागणार असेल, तरच बँक्ससारख्या कंपन्यांच्या हेडरचा, म्हणजे मोकळ्या नळ्यांच्या मॅनिफोल्डचा, विचार करावा. नुसत्या ताकदीसाठी तो खर्च परवडत नाही.

दुसरं काम प्लगचं, आणि इथे घाई महागात पडते. सुरुवातीच्या वर्षांतल्या तीन व्हॉल्व्हच्या हेडमधले मूळ प्लग दोन तुकड्यांचे. त्यांचं लांब टोक कार्बनने हेडमध्ये चिकटतं, आणि जोर लावला की वरचा भाग हातात येतो, खालचा आतच राहतो. इंजिन पूर्ण थंड असताना प्लग फक्त अष्टमांश फेरा, फार तर पाव फेरा सैल करायचा. मग खाचेत कार्बन क्लीनर सोडायचा आणि निदान पंधरा मिनिटं थांबायचं. त्यानंतर पुढे-मागे हलवत, कुरकुर ऐकत, हळूहळू काढायचा. पाना अडला की थांबायचं, पुन्हा क्लीनर, पुन्हा वाट. नवीन प्लगच्या टोकाच्या नळीवर निकेलचं अँटिसीझ (चिकटू न देणारा लेप) पातळ लावायचं, इलेक्ट्रोडला लागू न देता, आणि २५ पाउंड-फुटांना घट्ट करायचा. तुटलेलं टोक काढायचं खास हत्यार मिळतं, ते काम सुरू करण्याआधीच हाताशी असलेलं बरं. दोन व्हॉल्व्हच्या इंजिनाचा रोग उलटा आहे. तिथे हेडमधले आटे मोजकेच असल्यामुळे प्लग सुटून बाहेर उडतो. तिथे कॉइल काढून प्रत्येक प्लग सैल नाही ना हे टॉर्क रेंचने बघायचं.

हे सगळं मोटरहोममध्ये बसल्या जागी होत नाही. इंजिन दोन्ही पुढच्या सीटच्या मध्ये, झाकणाखाली असतं. आधी गालिचा, मग स्क्रू, मग उष्णतारोधक अस्तर लावलेलं झाकण. मागचे सिलेंडर तिथून दिसतात, पुढचे बोनेटकडून किंवा चाकाच्या कमानीतून हात घालून सापडतात. एक दिवस गेला तर आश्चर्य नाही. झाकण परत लावताना कडेचं रबर फाटलं असेल तर बदलाच. पायाशी येणारी गरम हवा आणि अर्धा आवाज तिथूनच येत असतो, आणि या पन्नास डॉलरच्या रबराने कित्येकदा ट्यूनपेक्षा जास्त समाधान मिळतं.

झाकण उघडलंच आहे तर कॉइलही बघून घ्या. प्रत्येक सिलेंडरला स्वतंत्र कॉइल, म्हणजे दहा. ट्यूनमुळे गाडी चौथ्यात, लॉक धरून, कमी आरपीएमवर जास्त भार घेते. सिलेंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. आधी तिसऱ्यात किंचाळताना कसंबसं निभावणारं कॉइल आता चढावर झटके देऊ लागतं. कोड येतो पी०३०१ ते पी०३१० मधला, शेवटचे दोन अंक सिलेंडरचा नंबर सांगतात. लोक ट्यूनरला शिव्या घालतात. ट्यूनने फक्त आधीचं दुखणं उघड केलेलं असतं.

बाकीची कामं साधी: एअर फिल्टर, आत जाणारी हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर त्याच्याच खास स्प्रेने धुणं, आणि गिअरबॉक्सचं तेल. पाच गिअरच्या बॉक्सला मर्कॉन एसपी, सहाच्या बॉक्सला मर्कॉन एलव्ही. ‘कुठलंही एटीएफ चालतं’ म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका. आणि एकदा वजनकाट्यावर प्रत्येक एक्सल वेगळा मोजा. पाण्याची टाकी रिकामी करून पाचशे पाउंड कमी झाले, तर चढावर त्याचाही हातभार लागतो.

प्रत्यक्ष ट्यून टाकणं अर्ध्या तासाचं काम. डॅशबोर्डखाली डावीकडे ओबीडी सॉकेट (कॉम्प्युटरशी जोडणी करायची जागा) असतं, त्यात ट्यून चढवायचं यंत्र लावायचं. किल्ली ऑन, इंजिन बंद. यंत्र आधी मूळ प्रोग्रॅम वाचून साठवतं आणि कॉम्प्युटरचा कोड दाखवतं. त्या कोडवरून, एक्सलचं प्रमाण, टायरचा आकार, एकूण वजन आणि मागे गाडी ओढता का हे विचारून ट्यूनर फाइल बनवून पाठवतो. टायरचा आकार साइडवॉलवर वाचूनच कळवा, कागदावरचा नको. मग ती फाइल चढवायची. या वेळेत वीज तुटता कामा नये. मोटरहोममध्ये बॅटऱ्यांचे दोन संच असतात, घरासाठी एक आणि इंजिनासाठी एक. गाडी उभी असताना बाहेरून केबलने वीज जोडली की घराच्या बॅटऱ्या चार्ज होतात. इंजिनाची होईलच असं नाही. तेव्हा इंजिनाच्या बॅटरीला वेगळा चार्जर लावायचा, ब्लोअर, दिवे, रेडिओ, मागचा कॅमेरा सगळं बंद करायचं, आणि पट्टी शंभरावर पोचेपर्यंत किल्लीला हात लावायचा नाही. मध्येच अडकलं तर घाबरून किल्ली फिरवू नका, यंत्राच्या पडद्यावरच्या सूचना पाळा.

नंतरचे पहिले शे-दीडशे मैल गिअर जरा झटक्याने पडतात, कारण बॉक्सने शिकलेलं सगळं पुसलं गेलेलं असतं. एवढ्यावरून मत बनवू नये. त्यानंतर ओळखीच्या चढावर लॉग घ्यायचा: आरपीएम, भार, पेडल, थ्रॉटल, स्पार्क, नॉकमुळे मागे घेतलेले अंश, चालू गिअर, टॉर्क कन्व्हर्टरची घसरण, पाण्याचं आणि गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान. चौथ्यात लॉक धरलेला असेल तर घसरण शून्याच्या आसपास हवी, आणि तेलाचं तापमान पूर्वीपेक्षा कमी हवं, कारण तेल तापतं ते घसरणीनेच. ते २०० फॅरनहाइटच्या आत राहिलं तर उत्तम, २२५ च्या वर जाऊन तिथेच थांबलं तर काहीतरी बिनसलंय. गिअर चौथ्या-पाचव्यात सारखा वर-खाली होत असेल तर नेमका वेग आणि पेडलचा आकडा लिहून फाइल परत पाठवा. चांगले ट्यूनर दोन-तीनदा सुधारून देतात, आणि यंत्रापेक्षा याच सेवेचे पैसे मोजलेले असतात. लांब चढावर पूर्ण थ्रॉटलला मिश्रण मुद्दाम घट्ट ठेवलेलं असतं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थंड राहावा म्हणून. मायलेजच्या नावाखाली हे मिश्रण पातळ करून देणाऱ्यापासून लांब राहा.

कायदा टाळता येत नाही. अमेरिकेच्या क्लीन एअर ॲक्टखाली प्रदूषण नियंत्रण निकामी करणारं सॉफ्टवेअर विकणं आणि बसवणं बेकायदा आहे. कॅलिफोर्नियात तर तिथल्या हवा मंडळाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर क्रमांक असलेलीच वस्तू चालते, आणि १९ जुलै २०२१ पासून स्मॉग तपासणीत इंजिनाच्या सॉफ्टवेअरमधला फेरफारही शोधला जातो. जड गाड्यांची तपासणी वेगळ्या प्रकारची असू शकते, पण कायद्यातून त्या सुटत नाहीत. विकत घेण्याआधी तो क्रमांक मागा, आणि तो आपल्याच इंजिनासाठी, आपल्याच वर्षासाठी आहे का ते बघा. सर्व्हिस सेंटरला गाडी देण्याआधी मूळ प्रोग्रॅम परत चढवा. त्यांनी वरून नवा प्रोग्रॅम टाकला तर यंत्र आपल्या गाडीच्या नंबरशी बांधलेलंच राहतं, आणि ते सोडवायला ट्यूनरच्या नाकदुऱ्या काढाव्या लागतात.

सहा गिअरच्या गाडीवाल्यांनी खिशात हात घालण्याआधी थोडं थांबावं. त्याच एक्सलवर ताशी ६० मैलांना सहावा २,०१५, पाचवा २,५६५, चौथा ३,४३५, म्हणजे पायऱ्याच जवळ आल्या. ७.३ चं इंजिन आलं तेव्हा एफ-५३ वर ३५० हॉर्सपॉवर आणि ४६८ पाउंड-फूट द्यायचं. जुन्या व्ही-१० चं निम्मं दुखणं फोर्डने कारखान्यातच काढलंय. तिथे ट्यून मुख्यतः पेडलचा उरतो.

शेवटी उतार. टो-हॉल (जड ओझ्यासाठीचं) बटण दाबलं असताना ब्रेकला पाय लावला की कॉम्प्युटर गिअर खाली टाकतो आणि इंजिन गाडीला मागे ओढतं. काही ट्यून हे वागणं जास्त आक्रमक करतात, काही सौम्य. नवीन फाइल टाकल्यावर हे आधी छोट्या, रिकाम्या उतारावर तपासा: ५५ वरून ब्रेक एकदा जोरात, ४५ पर्यंत, मग पाय पूर्ण वर. गिअर खाली पडून वेग तिथेच राहिला पाहिजे. वेग पुन्हा वाढत गेला तर त्याच दिवशी मूळ प्रोग्रॅम परत टाका आणि ट्यूनरला लॉग पाठवा.